फ्लशिंगच्या गणपतीच्या रस्त्यावरचा हा ‘बाउन’ कोण? त्याचं घर बघण्यासारखं आहे का?

सुमेधा_ग

नमस्कार मंडळी. सध्या लेकाकडे न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये मुक्काम आहे. संकष्टीला फ्लशिंगच्या गणपतीला जाऊन आले. दर्शन छान झालं, पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. देऊळ ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव बाउन स्ट्रीट. लेक म्हणाला, याच रस्त्यावर वरच्या अंगाला त्या बाउनचं घर आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, आता म्युझियम केलंय. त्यावर सूनबाई म्हणाल्या, "आई, जुनं लाकडी घर आहे हं नुसतं. राजवाडा वगैरे समजून जाऊ नका."

तर प्रश्न असा, हा बाउन होता कोण? गव्हर्नर, सेनापती, की कोणी बडा जमीनदार? शोधल्यावर ‘क्वेकर’ एवढंच हाती लागलं आणि मला क्वेकर म्हटलं की फक्त ओट्सचा डबा आठवतो. घर जपून ठेवावं असं त्याने केलं तरी काय? आणि माझ्यासारख्या गुडघेदुखीवालीला देऊळ आणि घर एका दिवसात झेपेल का?

अनघा_जे

ताई, ओट्सवाल्यांचा आणि त्या पंथाचा काही संबंध नाही, फक्त नाव उचललंय. घर मी बाहेरूनच पाहिलंय, त्यामुळे गप्प बसते. एवढंच सांगते की देवळाच्या तळघरातल्या कँटीनचा डोसा चुकवू नका. बाकी वासेमोजे काका येतीलच, हा त्यांचा प्रांत.

वासेमोजे

आलो.

सुमेधाताई, सूनबाईंचं बरोबर आहे, राजवाडा नाही. उतरत्या छपराचं, लाकडी चौकटीचं, फळ्या मारलेलं घर. आजूबाजूला उंच इमारती, चिनी-कोरियन पाट्या, आणि मध्येच हे अंगण राखून बसलेलं. माझी सगळी नोकरी जुन्या इमारतींच्या डागडुजीवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे मला कुठेही माणसाआधी घर दिसतं. पण इथे घर आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. कारण बाउनचा गुन्हा काय, तर हेच घर. त्याने प्रवचन केलं नाही, पत्रक काढलं नाही, दंगा केला नाही. आपल्या घरात चार लोकांना प्रार्थनेला बसू दिलं. बस्स.

मुळापासून सांगतो. जॉन बाउनचा जन्म १६२७ चा, इंग्लंडात डर्बीशायरमधल्या मॅटलॉकचा. वडील आणि बहिणीबरोबर १६४९ च्या सुमारास बोस्टनला आला आणि तिथून पुढे फ्लशिंगला. गव्हर्नर नाही, सेनापती नाही. शेती आणि व्यापार करणारा माणूस.

तेव्हा न्यूयॉर्क नव्हतं. मॅनहॅटनच्या टोकाला न्यू ॲमस्टरडॅम आणि सगळा मुलूख डच वेस्ट इंडिया कंपनीचा. जमीन मूळची मॅटिनेकॉक लोकांची, सनद डचांची, आणि फ्लशिंगमध्ये नांगर धरणारे बहुतेक इंग्रज. १६४५ मध्ये डच गव्हर्नर कीफ्टने या गावाला सनद दिली. तिच्यात साफ लिहिलं होतं की हॉलंडच्या रीतीप्रमाणे इथे प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागायची मोकळीक राहील. हा कागद लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्याच्यावर आहे.

कीफ्टनंतर आला पीटर स्टायव्हेसंट. एक पाय लाकडी, शिस्त लोखंडी. वसाहतीत चर्च एकच, डच रिफॉर्म्ड, बाकी कोणी उघड प्रार्थना करायची नाही असा त्याचा खाक्या. १६५४ मध्ये ब्राझीलहून ज्यू निर्वासित आले, त्यांनाही तो हुसकावून लावणार होता. कंपनीने नाही म्हटलं म्हणून ते राहिले. १६५७ मध्ये क्वेकर नावाच्या ख्रिश्चन पंथाचे लोक आले. हे लोक पाद्री मानत नाहीत, शपथ घेत नाहीत, अधिकाऱ्यापुढे टोपी काढत नाहीत, आणि प्रार्थना म्हणजे एकत्र गप्प बसणं. कोणाला आतून काही उमगलं तर त्याने उठून बोलायचं, मग ती बाई असली तरी चालेल. स्टायव्हेसंटला हे सगळंच झोंबलं. रॉबर्ट हॉजसन नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराला त्याने हातगाडीला साखळदंडाने बांधून, अर्धमेला होईस्तोवर फटके मारवले. शेवटी स्टायव्हेसंटच्या सख्ख्या बहिणीने रदबदली केली तेव्हा पोरगा सुटला. मग फर्मान निघालं, क्वेकराला एक रात्र जरी आसरा दिलात तर पन्नास पौंड दंड आणि त्यातला निम्मा चुगली करणाऱ्याला. निम्मा! शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडायची किती सोपी युक्ती बघा.

फ्लशिंगच्या लोकांनी २७ डिसेंबर १६५७ ला याचं उत्तर दिलं. तीस जणांनी सह्या-अंगठे करून अर्ज पाठवला की आम्ही हे फर्मान पाळू शकत नाही. प्रेमाचा आणि शांतीचा कायदा ज्यूंना, तुर्कांना, इजिप्शियनांनाही लागू आहे कारण तीही आदमचीच लेकरं, असं त्यात म्हटलंय. आणि सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. दुसऱ्याच्या देवासाठी स्वतःची मान पुढे केली या लोकांनी. त्या अर्जाची तेव्हाची नक्कल ऑल्बनीच्या सरकारी दप्तरात आहे. १९११ च्या आगीत तिच्या कडा जळाल्या, मजकूर वाचला.

बाउनची सही त्यावर नाही. त्याची गोष्ट पुढे चार-पाच वर्षांनी सुरू होते. १६६१ च्या सुमारास त्याने हे घर बांधलं. तोवर क्वेकर रानात, झाडाखाली जमत असत. आता ते बाउनच्या घरात जमू लागले. बातमी वरपर्यंत गेली. १ सप्टेंबर १६६२ ला अधिकारी हत्यारबंद माणसं घेऊन दारात. बाउनने रोजनिशी लिहिली आहे, ती टिकलीय. त्या घटकेला बायको आजारी होऊन अंथरुणाला खिळलेली आणि धाकटं लेकरू तापलेलं, बाउनच्या हातात. मला त्या रोजनिशीतलं हेच सगळ्यात लख्ख दिसतं.

पुढे स्टायव्हेसंटसमोर उभं केलं. हा टोपी काढेना, म्हणून दुसऱ्याकडून ती उतरवली. दंड पंचवीस फ्लेमिश पौंड, म्हणजे दीडशे गिल्डर. द्यायची ऐपत होती. दिले असते तर घरी गेला असता. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि हा म्हणे गुन्हा कुठला? महिनोन्‌महिने कोठडीत बसला. शेवटी जानेवारी १६६३ मध्ये जहाजावर घालून हद्दपार केला.

इथे स्टायव्हेसंट चुकला. आयर्लंडला उतरलेला हा गृहस्थ तिथून इंग्लंड करत थेट ॲमस्टरडॅमला, कंपनीच्या संचालकांच्या दारात. एका अर्थाने मालकाकडे मॅनेजरची तक्रार! आणि सोबत दाखला त्या १६४५ च्या सनदेचा. संचालकांनी १६ एप्रिल १६६३ ला स्टायव्हेसंटला पत्र लिहिलं. सारांश असा की क्वेकर नकोत हे आम्हालाही पटतं, पण वसाहतीत माणसं यायला हवीत, एवढी कडक वागणूक दिलीत तर येणार कोण? तेव्हा जो शेजाऱ्याला त्रास देत नाही, सरकारला आडवा जात नाही, त्याच्या मनावर जबरदस्ती करू नका, डोळेझाक करा. ॲमस्टरडॅम शहर याच धोरणावर चाललं आणि भरभराटीला आलं, असंही वर सुनावलं.

कोणी याला उदात्त वगैरे म्हणालं की मी टोकतो. हा हिशेब होता, माणसं कमी पडत होती. पण वसाहतीच्या नफ्यासाठी लिहिलेल्या त्या ओळी बाउनच्या हट्टामुळे लिहाव्या लागल्या, हेही तितकंच खरं. तो जानेवारी १६६४ मध्ये परतला आणि त्याच घरात बैठका पुन्हा सुरू. सप्टेंबरात इंग्रजांनी वसाहत घेतली आणि स्टायव्हेसंटचंच राज्य संपलं.

आता घर. आत गेलात की घाई करू नका. सगळं एका वेळचं नाही, १६६१ चा गाभा, मग पुढची दोनतीन वाढीव बांधकामं सतराव्या शतकातलीच, आणि १८३० च्या दशकात पुन्हा फेरफार. पद्धत इंग्रज आणि डच अशी मिसळलेली. तुळया आणि खांब खाचेत कुसू बसवून, वर लाकडी खुंटी ठोकून जोडायची ती रीत. तुळईच्या अंगावर तासणीचे वार दिसतात का ते बघा, करवतीने कापलेल्या आणि तासून काढलेल्या लाकडाचा पोत वेगळा असतो. तिरक्या उजेडात चटकन कळतं. आणि स्वयंपाकघरात थांबा. भलीमोठी चूल, माणूस वाकून आत शिरेल एवढी, मागे पाव भाजायची घुमटाची भट्टी. आरोप ज्या घरावर होता ते घर इथूनच सुरू झालेलं, साधं, धुरकट. वेदी नाही, घंटा नाही, व्यासपीठ नाही. क्वेकरांना लागतच नाही.

गुडघ्यांचं: जुन्या घरात उंबरे आणि चढउतार असणारच, सपाट तळाचे बूट घाला. रोज उघडं नसतं, आधी विचारूनच निघा.

तिरकस

काका, छान लिहिलंत. पण दोन शंका. एक, सह्या तीस जणांच्या आणि रस्त्याला नाव मात्र न सही करणाऱ्याचं, हा कुठला न्याय? दोन, क्वेकरांचं इतकं कौतुक चाललंय, पण त्या काळी वसाहतींत गुलाम होते आणि क्वेकरही ते ठेवत होते ना? ‘मनाचं स्वातंत्र्य’ नेमकं कोणाच्या मनाचं?

वासेमोजे

दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिलीचं उत्तर कडू आहे. अर्ज गेला त्याच्या मागोमाग स्टायव्हेसंटने चौघांना धरलं. अर्ज लिहिणारा गावचा कारकून एडवर्ड हार्ट, तो घेऊन जाणारा शेरीफ टोबायस फीक, आणि फॅरिंग्टन व नोबल हे दोन पंच. हार्टला तुरुंगात टाकलं, फीकची नोकरी गेली, आणि एकेक करून त्यांनी माफी मागितली. गावसभेचे अधिकारही छाटले. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही, पोटापाण्याची माणसं ती. पण त्या दिवशी अर्ज हरला. बाउन हरला नाही, कारण त्याने माफीही मागितली नाही आणि पैसेही भरले नाहीत. वर प्रकरण समुद्रापार नेलं. शिवाय घर उभं राहिलं. हार्टचं घर कुठे आहे कोणी दाखवू शकत नाही. बाउनच्या घरात त्याच्याच वंशातल्या नऊ पिढ्या राहिल्या, थेट १९४५ पर्यंत. मग ते जतनासाठी स्थापलेल्या संस्थेकडे गेलं, १९४७ ला लोकांना खुलं झालं, १९६६ ला शहराने संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केलं. रस्त्याला नाव मिळायला आठवण ठेवणारे वारस लागतात, हे तुम्हालाही माहीत आहे. अर्जाचीही अगदीच उपेक्षा झाली नाही बरं का, १९५७ ला तीनशे वर्षं झाली तेव्हा तीन सेंटांचं टपाल तिकीट निघालं.

दुसरी शंका मोठी आहे. क्वेकर पहिल्या दिवसापासून गुलामीविरोधी होते ही भाबडी समजूत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकरांनी १६८८ मध्ये लेखी निषेध नोंदवला, आणि त्यांच्याच वरच्या सभांनी तो बासनात ठेवला. गुलाम बाळगणाऱ्या सदस्याला पंथाबाहेर काढण्यापर्यंत यायला फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणी १७७० चं दशक उजाडलं. म्हणजे बाउनच्या अटकेनंतर शंभर वर्षांच्या वर. बाउनचा वंशज रॉबर्ट बाउन न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती सोसायटीच्या संस्थापकांपैकी, आणि त्यानेच १७७५ मध्ये छापखान्याचा धंदा काढला. एकोणिसाव्या शतकात याच घरातली पार्सन्स मंडळी, म्हणजे बाउनच्या पणती-खापरपणतीच्या वंशातली, पळून आलेल्या गुलामांना वाटेला लावण्याच्या कामात होती. तेव्हा हो, शंभर वर्षं उशीर झाला. म्युझियममध्ये विचारा, ते लोक हा भाग झाकत नाहीत.

नीरजा_का

काका, हॅना राहिली की! ती नसती तर हा बाउन कोणालाच माहीत झाला नसता.

हॅना फीक, जॉनची पहिली बायको, लग्न १६५६ चं. आई एलिझाबेथ ही मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांची भाची, आणि आधीच्या लग्नाने त्यांची सूनही. म्हणजे प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचं माहेर. त्या प्युरिटनांनी बोस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फासावर चढवलं, त्यात मेरी डायर ही बाई. अशा गोतावळ्यातली ही मुलगी क्वेकरांच्या बैठकीला आधी गेली. जॉन मागून. सांगतात की बायको रानात कुठे जाते ते बघायला गेला आणि तिथे बसणाऱ्यांचा साधेपणा पाहून त्यांना म्हणाला, घरी या.

आणि नवरा हद्दपार असताना ते घर, शेत, पोरं कोणी सांभाळली? त्या रोजनिशीत आजारी पडलेली बाई तीच. पुढे ती स्वतः धर्मोपदेशाला निघाली, इंग्लंड, आयर्लंड, हॉलंड. समुद्र पार करून, पोरं मागे ठेवून. १६७८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये वारली. जॉन तिथे पोचला होता, तिच्याविषयी लिहून ठेवलेलं त्याचं निवेदन आजही वाचायला मिळतं. त्याने नंतर आणखी दोन लग्नं केली, सगळी मिळून सोळा मुलं. १६९५ मध्ये गेला.

घर ‘जॉन बाउन हाउस’ म्हणून ओळखलं जातं. मी जाते तेव्हा मनातल्या मनात पाटीवर हॅनाचं नाव लिहिते.

सुमेधा_ग

बापरे, मी ओट्सच्या डब्यापासून सुरुवात केली आणि तुम्ही सगळ्यांनी कुठे आणून सोडलंत! काका, नीरजा, मनापासून आभार. सूनबाईंना वाचून दाखवलं, त्याही आता येणार म्हणताहेत.

एकच राहिलं. त्या पंथाचे लोक आज आहेत का तिथे? आणि बाउनची समाधी वगैरे?

वासेमोजे

आहेत, थोडे पण आहेत. त्यांचं सभागृह १६९४ चं, नॉर्दर्न बुलेव्हार्डवर, घरापासून थोड्याच अंतरावर. न्यूयॉर्क राज्यातलं सर्वात जुनं प्रार्थनास्थळ म्हणतात ते हेच. अमेरिकेच्या क्रांतियुद्धात इंग्रज फौजेने काही वर्षं बळकावून तिथे कैदी, आजारी शिपाई आणि गवत ठेवलं, तेवढा खंड सोडला तर आजतागायत चालू. रविवारी बैठक असते, तासभर शांत बसतात. बाहेरच्यांनाही बसू देतात.

समाधी नाही. मागच्या दफनभूमीत बाउन आहे, पण नेमका कुठे ते दाखवता येत नाही. त्या काळी क्वेकर थडग्यावर दगड लावत नसत.

घराच्या समोरच्या बाजूला एका दगडावर खूण आहे. १६७२ मध्ये पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आले तेव्हा गर्दी घरात मावेना, म्हणून दोन ओकच्या झाडांखाली सभा झाली. झाडं आता नाहीत, एक १८४१ ला गेलं, दुसरं १८६३ ला. मागच्या बागेच्या अंगाला वीपिंग बीच पार्क आहे, तिथे बाकं आहेत, गुडघ्यांना विसावा द्या. पार्सन्सांपैकी सॅम्युएलने १८४७ मध्ये बेल्जियमहून आणून वाढवलेल्या लोंबत्या फांद्यांच्या बीच नावाच्या झाडाची पिल्लावळ आहे ती.

क्रम असा ठेवा. सात नंबरच्या गाडीने शेवटच्या स्टेशनला उतरा, आधी सभागृह, मग घर, मग बाग, आणि शेवटी बाउन स्ट्रीटने सरळ खाली देऊळ. घरापासून देऊळ जवळजवळ मैलभर आहे, गुडघे कुरकुरले तर बस किंवा टॅक्सी घ्या. १९७७ मध्ये देऊळ झालं ते आधी चर्च असलेल्या जागेवर. देवळाजवळच्या भागाला आता ‘गणेश टेंपल स्ट्रीट’ असंही नाव दिलंय, पण बाउनचं काढलेलं नाही, दोन्ही पाट्या आहेत.

आणि हो, सभागृहाने रस्त्याकडे पाठ केलेली आहे. नॉर्दर्न बुलेव्हार्डवरून दार शोधत बसाल तर सापडायचं नाही. वळसा घालून आत, दक्षिणेच्या बाजूला जा.

अनघा_जे

डोसा आधी खाऊन निघा म्हणणार होते, पण काकांनी देऊळ शेवटी टाकलंय. मग उपाशीच या.